पिक्चरमधले झोल

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात यंदाच्या तीन डायऱ्या विकायच्या राहून गेल्या. दिवाळीनंतर त्या कोण घेणार? एक मीच काढली. आमगावच्या तहसील कचेरीत अजून सुट्टीचाच माहोल आहे, झेरॉक्सला कोणी येत नाही, आणि रिकामे हात मला सोसत नाहीत.

कॉम्प्युटर मात्र रिकामा नाही. माझी टीना आणि तिची मैत्रीण आचल सुट्टी लागल्यापासून त्याला चिकटून आहेत. दोघी दहावीत. हिंदीत डब केलेले इंग्रजी पिक्चर बघतात, आणि सगळे एकाच जातीचे. जग बुडून गेलेलं, उरलेल्या शहराला उंच भिंत, आत दुष्ट सरकार, आणि सोळा वर्षांची एक पोरगी एकटी ते सरकार पाडते. मशीन पुसता पुसता मीही चार पाहून टाकले.

दुपारी मामाजी डबा घेऊन आले. बकाराम, माझे सासरे. बहात्तरावं लागलं तरी धान कापणीला स्वतः बांधावर उभे राहतात. डबा टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले. पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यातले लोक रांगेने चालले होते.

"दोनशे वर्स झाले म्हनते भिंत बांधून?" मामाजी म्हणाले. "मंग एवढ्या लोकांले खायले कोन देते? धानाची बांधी त एकही दिसून नाही राहिली. धान कोन लावते?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. आचल ओरडली, "झोल! आबाजीनं झोल पकडला!" टीनाने लगेच एक दोनशे पानी वही उघडली आणि वर लिहिलं, झोल नंबर एक.

आता खरी गोष्ट लिहिते. ती दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

गजेंद्र, माझा नवरा, चार वर्षांपूर्वी इलेक्ट्रिशियन म्हणून ओमानला गेला. वर्षाने करार संपला. तो परत आला, पण आमगावला नाही. राजनांदगावला उतरला, तिथे एका बाईसोबत राहू लागला, मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. त्याचा मित्र छोटेलाल गोंदियाच्या राईस मिलमध्ये आहे, त्याने मला सांगितलं. तेव्हा टीनाला टायफॉइड होता. तापात सारखी विचारायची, पप्पांचा मेसेज आला का? औषध तोंडात घेत नव्हती. गजेंद्रचा जुना फोन, त्याच्या इथल्या नंबरसकट, घरीच पडला होता. त्यावरून मी लिहिलं, 'गोळी घे बेटा.' तिने घेतली.

एकच मेसेज टाकायचा होता. तीन वर्षं झाली.

टीनासाठी पप्पा अजून ओमानात आहेत. कंपनीने साइटवर कॉल बंद केलेत, रजा मिळत नाही. फोन इथे दुकानात, स्टॅम्प पेपरच्या खणात असतो. मामाजी कधी त्याच्याशी बोलायचं म्हणत नाहीत. "माया राम राम सांगजो त्याले," एवढंच. बरं आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पोरींनी मोबाइलवर चॅनेल काढलं. नाव 'झोल पकडो'. पहिल्या रीलमध्ये मामाजी बांधीत उभे राहून विचारतात, धान कोन लावते? आठशे लोकांनी पाहिलं. मामाजींना कळलं तेव्हा म्हणाले, "आठशे लोकायले एवढा साधा सवाल सुचला नोयता काय?"

आज दुसरं रील. एका पिक्चरमध्ये सोळाव्या वर्षी सगळ्या पोरांना एका मशीनमध्ये बसवतात आणि मशीन सांगते, तू सैनिक, तू शिक्षक, तू वैद्य, तू कारागीर. चारच धंदे.

आचल म्हणाली, "संडास कोण साफ करते?"

"बाळंतपण कोण करते?" टीना.

"माझ्यासारखं झेरॉक्सचं दुकान कोण चालवते?" मी म्हटलं. दोघी हसल्या. टीना माझ्या बोलण्यावर हसली, असं किती दिवसांनी झालं!

जंगलाचा झोल आचलने काढला. तिचं आजोळ सालेकसाकडे. हिरॉइन अकरा दिवस जंगलात लपते, पण तिला मच्छर चावत नाही, पायात काटा जात नाही, आणि कपाळावरचे केस पहिल्या दिवशी होते तसेच. आचल म्हणाली, "माझ्या मामीसोबत मोहफुलं वेचायला एक सकाळ पाठवा तिला. दुपारी ओळखू नाही येणार."

मग टीनाने मला एक विचारलं. या पिक्चरमधला प्रमुख रोज मोठ्या पडद्यावरून बोलतो. तीस वर्षांत त्याला समोरासमोर कोणी पाहिलेलं नाही. केस पांढरे होत नाहीत, आवाज थकत नाही.

"मम्मी, लोकांना शंका काऊन येत नाही? तो कदाचित तिथे नसेलच. दुसरंच कोणीतरी त्याच्या नावाने बोलून राहिलं असेल."

काय डोकं आहे पोरीचं! मी म्हटलं, "हा सगळ्यात भारी झोल आहे. लिहून ठेव."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं नाही. विसरली असेल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गजेंद्रच्या फोनवरून लिहिलं, 'आज ड्यूटीवर लवकर जातोय. तुझे रील पाहिले. शाब्बास.' दहा मिनिटांत टीनाचं उत्तर: 'पप्पा, ओमानात शुक्रवारी सुट्टी असते ना?'

एकदा उत्तर टाइप केलं, पुसलं. मग सुचलं: 'ओव्हरटाइम आहे बेटा.' तिने अंगठा पाठवला.

चांगलं निभावलं. पण दिवसभर मन ठिकाणावर नव्हतं. एका माणसाला सातबाऱ्याच्या दोन प्रती हव्या होत्या, मी वीस काढून दिल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

टीनाने पप्पांना लांब मेसेज लिहिला. दहावीची भीती वाटते. विज्ञानाच्या मॅडमनी काल वर्गाबाहेर उभं केलं, सगळी मुलं हसली. 'मम्मीला सांगू नका. ती ओरडते.'

मी ओरडते? ओरडतेच. घरात शिरले की पहिला शब्द 'अभ्यास' असतो.

मी फोन घेऊन मागच्या बाजूला गेले, कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि उत्तर लिहिलं. 'मार्कांची मला काळजी नाही. तू रात्री झोपत नाहीस, त्याची आहे. वर्गाबाहेर उभं राहिल्याने कोणी लहान होत नाही.' लिहिताना रडू आलं. असं मला तिच्याशी तोंडाने बोलताच येत नाही. गजेंद्रही असं कधी बोलला नसता, त्याला रिमोटशिवाय काही दिसायचं नाही. हा जो फोनमधला गजेंद्र आहे तो कोण आहे, मला कळत नाही. तो मला आवडतो, हे लिहायला लाज वाटते.

८ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना तोंडातून निघून गेलं. "विज्ञानाच्या मॅडम फार कडक आहेत का गं? वर्गाबाहेर वगैरे..."

टीनाचा घास हातातच राहिला. "कोणी सांगितलं?"

"आचलने," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग एक पोळी जास्त घेतली. मला वाटलं आता भांडेल, पण उलट शांत झाली. आचलला सांगून ठेवायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

आचलला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "काकू, टीनाला मॅडमनी बाहेर काढलं? कधी? ती तर मॅडमची लाडकी आहे."

म्हणजे टीना पप्पांशी खोटं बोलली. लाड करून घ्यायला असेल. या वयात मुली बापाकडे असं करतात.

संध्याकाळी तिघी मिळून एक पिक्चर पाहिला. त्यात हिरॉइनच्या आईला सगळं माहीत असतं, भिंतीच्या बाहेर लोक जिवंत आहेत हेसुद्धा, पण ती पोरीला शेवटपर्यंत सांगत नाही.

टीना म्हणाली, "हा झोल प्रत्येक पिक्चरमध्ये आहे. आई लोकांना सगळं माहीत असते आणि त्या सांगत नाहीत. सांगितलं असतं तर पिक्चर वीस मिनिटांत संपला असता."

"पोरीला जपायला नसेल सांगितलं," मी म्हटलं.

"पण ती पोरगी जपली जाते कुठे? तिला तर सगळ्यात जास्त मार बसते, कारण तिला काहीच माहीत नसते."

आचल म्हणाली, "चल, यावर रील करू."

"नाही," टीना म्हणाली. "यावर नाही."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस चॅनेल बंद. वही दप्तरात. टीना शाळेतून येते, खाते, पुस्तक उघडून खिडकीतून रेल्वे लाइनकडे बघत बसते. मी अभ्यास म्हटलं नाही, मोठ्या कष्टाने.

आज तिने छोटेलाल काकांचा नंबर मागितला. गोंदियाच्या कॉलेजबद्दल विचारायचं आहे म्हणे, अकरावीसाठी. दिला. पोरगी पुढचा विचार करून राहिली, हे चांगलंच आहे.

तरी आज तीन वेळा खण उघडून तो फोन पाहिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी टीना म्हणाली, शाळेला सुट्टी टाकते, आचलकडे प्रोजेक्ट करायचा आहे. अकरा वाजता आचल शाळेच्या ड्रेसमध्ये दुकानात आली. म्हणाली, "काकू, टीना काऊन नाही आली आज?"

मी टीनाला फोन लावला. बंद. तेवढ्यात खणात दुसरा फोन वाजला, गजेंद्रचा. टीनाचा मेसेज होता.

'मम्मी, मी राजनांदगावला पोचली. छोटेलाल काकांना मी म्हटलं पप्पांचा पत्ता हरवला, त्यांनी इथल्या दुकानाचा दिला. आबाजीला सांग जेवून घ्या. तू येऊ नको.'

त्याच्या फोनवर. 'मम्मी' म्हणून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं चुकून इकडे आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं. आचलने माझ्या हातातून फोन घेऊन वाचला. शुक्रवारची सुट्टी, वर्गाबाहेर उभं करणं, पडद्यावरचा प्रमुख. ती पिक्चरबद्दल बोलतच नव्हती, मला तपासत होती.

दुकान उघडंच टाकून स्टेशनवर गेले. तिकडे जाणारी लोकल निघून गेली होती. मग जे तीन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. गजेंद्रचा नवा नंबर छोटेलालकडून घेतला आणि लावला.

"हॅलो." तोच आवाज. जरा जाडसर झालेला.

"टीना आली का तिथे?"

मागे मोटारचा आवाज येत होता, तो बंद केला. मग म्हणाला, "आली. बसली आहे. चहा पाजला. परतीच्या गाडीत बसवून देतो." आणि वर विचारलं, "नववीत आहे ना ती?"

"दहावीत," मी म्हटलं. एवढी भांडणं मनात केली होती, एकही आठवलं नाही.

मामाजी सायकलवर स्टेशनवर आले. आचलने सांगितलं असेल. माझ्या शेजारी बाकावर बसले, पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं, "मामाजी, मी तुमच्याशी..."

"पयले पोट्टी येऊ दे," ते म्हणाले.

चार तास बसलो. प्रत्येक गाडीला मी उठत होते, न थांबणाऱ्या मालगाड्यांनासुद्धा. दरेकसाचा बोगदा, मधली जंगलातली स्टेशनं, एकटी पंधरा वर्षांची पोरगी. मामाजी एका जागी बसून होते, पण त्यांच्या टाचा सारख्या वर-खाली होत होत्या.

साडेतीनच्या लोकलमधून ती उतरली. वेणी सुटलेली. माझ्याजवळून पुढे गेली. मामाजींनी तिचं दप्तर घेतलं, सायकलला लटकवलं, आणि तिघं एका ओळीत घरी चालत आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टीना बोलत नाही. ताट घेते, खाते, ताट धुते. मी रागवावं अशी एकही गोष्ट करत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मामाजी बांधीवरून आले तेव्हा अंगणात मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. ते पायाचा चिखल काडीने काढत ऐकत होते.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तीन वर्स झाले. छोटेलालनं पयले मलेच सांगतलं होतं."

मी विचारलं, "मंग बोलले काऊन नाही?"

"टीना ते मेसेज वाचून दाखवत जाय मले. अनारसे आबाजीले दे. आबाजीले म्हना थंडीत कान बांधा." त्यांनी काडी टाकून दिली. "माया पोरगा असा कधीच बोलला नाही, रीता. मले समजत होतं हे तूच लिहून राहिली. पन आयकून बरं वाटे. म्हनून चूप राहिलो. माई बी चुकी हाय."

कान बांधा असं मी लिहिलं होतं, मला आठवतही नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज टीना बोलली. दुकानात आली, शटर अर्धं ओढलं आणि उभ्यानेच सांगू लागली. दुकान लहान आहे. पप्पा स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. तिला पाहून उठले नाहीत, हात कामातच होते. काउंटरवर एक दोन वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या आईने आतून येऊन विचारलं, "ये कौन है?"

"पप्पा म्हणाले, पहचानवाले की लड़की है।"

मी तिला जवळ घ्यायला गेले. ती मागे सरकली.

"टायफॉइडमध्ये 'गोळी घे' कोणी लिहिलं होतं?"

"मी."

"गॅदरिंगमध्ये मी डायलॉग विसरली, तेव्हाचा?"

"मी."

"सगळे?"

"सगळे."

तिचा चेहरा आत्तापर्यंत दगडासारखा होता, तो आता हलला. "म्हणजे पप्पांनी मला काहीच नाही लिहिलं. तीन वर्षांत एकही नाही."

मला वाटत होतं ती माझ्या खोटेपणावर चिडली आहे. तिला मोजायचं हे होतं. मी तिला तीन वर्षं जपलं, आणि आता ती तीन वर्षं एका दुपारी एकदम तिच्या अंगावर पडली. पिक्चरमधल्या त्या आईला मी उगाच वकिली करून वाचवत होते.

"तू मला तोंडाने काऊन नाही बोलली?" ती म्हणाली. "तुला चांगलं बोलता येते, मला माहीतच नव्हतं."

शटर वर करून निघून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद, पण मी साफसफाईला गेले होते. सकाळी आठनंतरच्या उन्हात टीना आली, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची माझ्याकडे वळवून बसली. वही आणली नव्हती.

"सुरुवातीपासून सांग," ती म्हणाली. "जिथे झोल वाटेल तिथे थांबवीन."

मी फडका खाली ठेवला. ओमानपासून सुरू केलं. तिने लगेच थांबवलं.

"परत आले हे त्यांनी तुला सांगितलं नाही?"

"नाही. छोटेलालने."

"मग तू फोन नाही केला?"

"तेव्हाच्या त्याच्या नंबरवर दोनदा केला, त्याने कापला. तिसऱ्यांदा एका बाईने उचलला. मी ठेवून दिला."

"भांडायला काऊन नाही गेली? तू तर शाळेत येऊन मुख्याध्यापकांशी भांडते."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, या डायरीलाही नाही. "गेले होते. तुझा ताप उतरल्यावर. मामाजींना म्हटलं गोंदियाला कागद आणायला जाते, आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसले. डोंगरगढपर्यंत गेले. तिथे उतरले, पलीकडच्या फलाटावर गेले आणि परत आले."

"काऊन?"

"भीती वाटली. त्याने तोंडावर नाही म्हटलं असतं तर मला घरी येऊन ते तुला सांगावं लागलं असतं."

मग म्हणाली, "मी पुढे गेली."

"हो. तू पुढे गेलीस."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून आधार कार्डाची झेरॉक्स मिळेल का विचारलं. टीनाच ओरडली, "आज बंद आहे!" मग खुर्ची आणखी जवळ ओढली, इतकी की आमचे गुडघे लागले.

"आता मोठा," ती म्हणाली. "पप्पा आपल्याला सोडून कायले गेले?"

तीन वर्षांत या प्रश्नाची किती उत्तरं मी तयार करून ठेवली होती. ती बाई. ओमानातला एकटेपणा. माझी जीभ. मामाजींशी त्याचं न पटणं. प्रत्येकाला पुढेमागे जोडून पक्कं करून ठेवलं होतं, कोणी कुठून ओढलं तरी सुटू नये असं. तिच्याकडे पाहिलं आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मला माहीत नाही, टीना," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पडद्याकडे बघते तशीच, पापणी न हलवता, कुठे काही निसटते का ते शोधत. मी नजर काढली नाही.

"हे खरं वाटते," ती म्हणाली. मग खुर्चीत मांडी घालून बसली.

"पुढे सांग."